सशाच्या रश्श्यातला छर्रा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या गरुडांवर लेख आला होता, शिशाने ते कसे मरतात त्यावर. लेख चांगला होता, पण शिकाऱ्यांना झोडपून संपला, आणि शिकाऱ्याने मग वापरायचं काय हे त्यात कुठेच नव्हतं. मी गेली बारा वर्षं पेनसिल्वेनियात राहतो, ऑक्टोबर ते जानेवारी सशाच्या आणि खारीच्या शिकारीला जातो, अर्थात रीतसर लायसन काढून. आधीच सांगतो, महाराष्ट्रात हे करायचा विचारसुद्धा करू नका, १९७२च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे आणि असायलाच हवा. इथे मात्र दिवसाला चार सशांची मर्यादा ठरवून दिलेली आहे आणि ती पाळली जाते.

माझ्या आजोबांकडे कोकणात शेतीरक्षणाची ठासणीची बंदूक होती, त्यामुळे छर्रा म्हणजे शिशाचाच हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की सात-आठ वर्षं मी दुसरं काही विकत घेतलंच नाही. मग एका रविवारी घरी सशाचा रस्सा केला होता आणि जेवताना लेकीच्या दाताखाली कट्कन आवाज आला. सहा वर्षांची होती तेव्हा. तिने तोंडातून काढून ताटाच्या कडेला ठेवला तो राखाडी छर्रा मला अजून दिसतो. हा सापडला, पण गिळलेले किती? लहान मुलांच्या रक्तात शिसं किती चालतं याला सुरक्षित असा आकडाच नाही, डॉक्टर हेच सांगतात. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पक्ष्यांचंही तेच होतं. आपण ससा रानातच साफ करतो, आतडी तिथेच टाकतो, किंवा जखमी जनावर झुडपात जाऊन मरतं आणि आपल्याला सापडत नाही, ते गरुड खातो आणि बरोबर शिशाचे कणही पोटात जातात. २०२२ साली ३८ राज्यांतल्या बाराशेवर गरुडांचा अभ्यास छापून आला, जवळजवळ निम्म्यांच्या हाडांत दीर्घकाळ साचलेल्या शिशाची विषबाधा दिसली. आमच्या राज्यात १९८०च्या सुमारास गरुडाची तीनच घरटी उरली होती, मग कॅनडातून पिल्लं आणून वाढवली, आज सस्क्वेहॅना नदीवर गाडीतून जाताना गरुड सहज दिसतो, आणि त्याला आपणच परत विष घालायचं? बदकांच्या शिकारीत शिसं १९९१ पासून देशभर बंद आहे, कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून सगळ्याच शिकारीत बंद, पण आमच्याकडे सशाखारीला अजून चालतं. म्हणजे निवड आपल्यावर आहे.

आता मुद्द्याचं. मी पहिल्यांदा बदल केला तेव्हा चूक झाली. माझी बारा बोरची बंदूक जुनी, सेकंडहँड, फुल चोकची, म्हणजे नळीचं तोंड आवळलेलं. दुकानदाराला विचारलं, स्टीलचे छर्रे चालतील का, तो म्हणाला बिनधास्त चालवा. नाही चालत! शिसं मऊ असतं, दबून बाहेर पडतं, स्टील दबत नाही, दोन डझन बार झाल्यावर नळीच्या तोंडाशी फुगवटा आला. कोणाला इजा झाली नाही हे नशीब. जुनी बंदूक असेल तर बिस्मथ या धातूचे छर्रे घ्या, ते शिशासारखंच मऊ आणि वजनालाही त्याच्या जवळचं. महाग आहे, शिशाच्या तीन-चार पट पैसे जातात, पण अख्ख्या सीझनमध्ये सशावर बार होतात किती, वीस-पंचवीस.

नवी बंदूक असेल तर स्टील छान, फक्त चोक उघडा ठेवायचा, इम्प्रूव्हड सिलिंडर, म्हणजे नळीचं तोंड अगदी थोडंच आवळलेलं, आणि छर्रा दोन नंबर जाड घ्यायचा कारण स्टील हलकं. शिशाचा सहा नंबर वापरत असाल तर स्टीलचा चार (नंबर कमी तितका छर्रा जाड, इथे नवीन माणूस हमखास गोंधळतो). तीस यार्डांच्या पुढे बार टाकू नका, जखमी ससा हातचा जातो आणि त्याचे हाल होतात. आणि स्टीलवाल्या मटणावरून शिजवण्याआधी लोहचुंबक फिरवा, छर्रे ओढून येतात, कारण ते शिशापेक्षा कडक, दात तुटेल.

खारीसाठी मी पॉइंट टू टू रायफल वापरतो. शिशाची गोळी वजनाला ४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) आणि तांब्याची २१ ग्रेनच्या आसपास, त्यामुळे नेम नव्याने बसवावाच लागतो, काही रायफलींना ती मानवतच नाही. दोन-तीन ब्रँडची एकेक पेटी घ्या, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून पंचवीस यार्डांवर पाच-पाच गोळ्या मारा, जिची भोकं जवळजवळ पडतील ती आपली.

रिलोडिंगबद्दल, म्हणजे वापरलेली काडतुसं घरी परत भरण्याबद्दल, आपली बरीच मराठी मुलं विचारतात, यूट्यूब बघून मशीन घ्यायची घाई असते. पॉइंट टू टू परत भरताच येत नाही, तिची ठिणगी पाडणारी टोपी वेगळी नसते, तो मसाला काडतुसाच्या बुडाच्या कडेतच भरलेला असतो. शॉटगनची काडतुसं भरता येतात, माझ्याकडे मेक (MEC) कंपनीचं साधं, एका वेळी एकच काडतूस भरणारं मशीन आहे, पण वर्षाला पंचवीस बार करणाऱ्याने ते घेऊन काही वाचत नाही. मातीच्या तबकड्यांवर नेमबाजी करत असाल किंवा बिस्मथ घरी भरायचं असेल तरच घ्या. आणि घेतलंत तर एवढं पाळा की शिशाचं माप स्टीलला लावायचं नाही, बंदुकीची दारू वेगळी, वॅड (दारू आणि छर्रे यांच्यामधलं बूच) वेगळा, मशीनची दारू-छर्रे मोजणारी मापपट्टीसुद्धा वेगळी, छापील पुस्तकात असेल तेच आणि तेवढंच, "थोडी जास्त घालून बघू" हा प्रकार बोटं घेऊन जातो. दारू तोलायचा वजनकाटा मात्र चांगलाच घ्या.

त्यापेक्षा पैसे चमकदार (फ्लोरेसंट) भगव्या जाकीट-टोपीवर घाला, आमच्याकडे तसं २५० चौरस इंच भगवं अंगावर लागतंच, आणि रबरी हातमोजे, कारण ससा साफ करताना टुलॅरेमियाचा ताप माणसाला लागू शकतो.

तुमचा पेपर इथली बरीच मराठी घरं ऑनलाइन वाचतात म्हणून एवढं लांबलं. सशाचा सीझन ऑक्टोबरात उघडतो, नवीन काडतूस घेतलंत तर त्याआधी तीस यार्डांवर मोठा कागद लावून चार बार टाकून बघा, छर्रे कसे पसरतात ते.

आपला,
एक वाचक, हॅरिसबर्ग, पेनसिल्वेनिया