एकाच रक्ताची शंखी

औसा,
६ जुलै

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "शंख्या मारतोस कशाला लेका, पकड अन् पाठव फ्रान्सला, तिथं गोगलगायी खातात." मी हसलो, पण फोन ठेवल्यावर ते डोक्यातनं जाईना. फोनवर सांगावं तर आमच्याकडं रेंज जाते आणि रेंज असली की तू मधेच बोलतोस. म्हणून कागद घेतला. आता निमूट वाच.

रात्रीचे साडेअकरा झालेत. आत्ताच रानातून आलो. डोक्याला बॅटरी, हातात हातमोजे, बादलीत मिठाचं पाणी. सोयाबीन दोन पानांवर आलं की हा कार्यक्रम ठरलेला. या शंखी गोगलगायी दिवसा बांधाच्या दगडाखाली, पाचटाखाली लपतात. अंधार पडला आणि भुरभुर सुरू झाली की निघतात. कोवळी पानं खातात, शेंडा खातात, आणि सकाळी ओळीत नुसती खुंटं दिसतात. २०२२ आठवतं ना? लातूर, बीड, उस्मानाबाद (तेव्हा नाव तेच होतं), तिन्हीकडं लोकांनी दोनदा पेरलं, काहींनी तिसऱ्यांदा. आमच्या अण्णांनी गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती बांधाला टाकली आणि पहाटे उचलली तर पोतं हलत होतं. मायनं तेव्हा "गोगलगाय नि पोटात पाय" ही म्हण म्हटली, ती शिवीसारखी ऐकू आली.

आता तुझ्या दुसऱ्या मुद्द्याकडं येतो. तू म्हणालास, "सगळ्या एकाच आईची लेकरं आहेत, एखादा रोग येईल अन् खेळ खलास." अर्धं खरं आहे. ही शंखी मूळची पूर्व आफ्रिकेची. तिथून हिंदी महासागरातल्या बेटांवर आली आणि १८४७ साली बेन्सन नावाच्या इंग्रजानं मॉरिशसहून काही कलकत्त्यात आणल्या. त्या चौरंगीतल्या एका बागेत सुटल्या, आणि तिथून आज माझ्या बांधापर्यंत. आईकडून लेकराला जाणारा जो डीएनए असतो, तो वेगवेगळ्या देशांतल्या शंख्यांचा तपासला गेला आहे. पूर्व आफ्रिकेत आणि त्या बेटांवर बऱ्यापैकी वेगवेगळे नमुने सापडतात. आशियात, पॅसिफिकात, दक्षिण अमेरिकेत मात्र बहुतेक ठिकाणी एकच नमुना पुन्हा पुन्हा. एखाद्या गावात सगळ्यांचं आडनाव एकच असावं तसं.

आपण परभणीला शिकलो ते आठव. जातीचं रक्त अरुंद झालं, म्हणजे सगळी एकसारखी झाली, की धोका वाढतो, हे सरांनी फळ्यावर किती वेळा लिहिलं. जेएस-३३५ चं उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोर होतं. १९९४ साली जबलपूरहून आलेलं सोयाबीनचं वाण, आणि वर्षानुवर्षं जिकडं बघावं तिकडं तेच. सोयाबीन स्वतःच स्वतःला फळवतं, त्यामुळं वावरातलं एक झाड बघितलं की सगळी बघितली. म्हणजे गंमत बघ, चीनकडचं एकसारखं पीक आणि आफ्रिकेची एकसारखी गोगलगाय, दोघं पाहुणे, आणि भांडण लागलंय माझ्या काळ्या रानात.

मग ही अरुंद रक्ताची शंखी मरत का नाही? तिला एका पिकावर जगायचं नसतं, शेकडो प्रकारच्या झाडांवर तिचं भागतं. प्रत्येक शंखी नरही आणि मादीही, त्यामुळं दोघी भेटल्या की दोघीही अंडी घालू शकतात, एका खेपेला १०० ते ४००. एकदा मीलन झालं की बीज महिनोन्महिने साठवून ठेवते. एकटी नवीन वावरात पोचली तरी पुरे. उन्हाळ्यात कवचाचं तोंड पातळ पडद्यानं बंद करून झोपून जाते. कवचाला चुना लागतो, तो आपल्या चुनखडीच्या रानात हवा तेवढा. सापडली तर चुना दिलेली भिंतसुद्धा खरवडते. (आणि आम्ही तिला अडवायला बांधावर चुन्याचेच पट्टे ओढतो! ओलं होईपर्यंत चालतं म्हणा.) तिचे मूळचे शत्रू तर तिकडंच राहिले. काही देशांत तिची संख्या अचानक आपोआप कोसळल्याचंही दिसलंय, हे मी मान्य करतो. पण त्याची वाट बघत बसलो तर बियाण्याचे पैसे कोण देणार, तू?

रक्ताची खरी श्रीमंती देशी गोगलगायीत असते. विहिरीच्या दगडांवर ती लहान, चपटी, फिकट तपकिरी दिसते ना, क्रिप्टोझोना म्हणतात तिला. गोगलगाय जन्मात फार लांब जात नाही. मधे कोरडी टेकडी आली, नदी आली, की दोन्हीकडच्यांचा संबंध तुटतो आणि हळूहळू रक्त वेगळं होत जातं. युरोपातल्या बागांमधल्या रंगीबेरंगी गोगलगायींत म्हणे एकाच जातीत इतका फरक सापडतो, की इतर प्राण्यांत दोन जाती धराव्यात. खाण्याच्या गोगलगायींचंही तेच. पश्चिम आफ्रिकेत घाना, नायजेरियाकडं लोक पिढ्यान्पिढ्या स्थानिक मोठ्या गोगलगायी खातात. त्यातली एक जात खेपेला जेमतेम डझनभर मोठी अंडी घालते. जंगल तुटलं, वेचणारे वाढले, की ती मागं पडते. आणि त्याच गावात आपली ही शंखी पाहुणी म्हणून येऊन दणक्यात वाढते. भरपूर विविधता असलेली संपतेय आणि एका रक्ताची फोफावतेय. पुस्तक आणि रान यांचा हिशेब जुळत नाही तो इथं.

एक मजेशीर गोष्ट सांगतो, मग विषयावर येतो. २०१६ साली इंग्लंडात एक डाव्या वळणाच्या कवचाची गोगलगाय सापडली, नाव ठेवलं जेरेमी. डाव्या वळणाची असली की उजवीशी जमत नाही, म्हणून तिच्यासाठी जगभर जोडीदार शोधला. एक सापडली मायोर्कात, खाण्यासाठी गोगलगायी पाळणाऱ्याच्या शेतावर. ताटातून वाचली म्हण! पिल्लं झाली, सगळी उजवी. पुढं कळलं की ते डावं वळण बहुतेक वेळा रक्तातलं नसतं, वाढतानाची गडबड असते. मला आपल्या देवघरातला दक्षिणावर्ती शंख आठवला. शास्त्रज्ञ ज्याला डावा म्हणतात तोच आपला दक्षिणावर्ती. बघायची बाजू वेगळी, एवढंच.

तर फ्रान्सचं. तिथं मुख्यतः खातात त्या युरोपातल्या वेगळ्या जाती. आपल्या शंखीत उंदरांच्या फुप्फुसातला किडा राहू शकतो, कच्ची किंवा अर्धकच्ची पोटात गेली तर मेंदूच्या आवरणाला सूज येते. म्हणून तर मी हातमोजे घालतो. त्यात आमच्या रानात मेटाल्डिहाइडच्या, म्हणजे गोगलगायी मारायच्या विषाच्या, गोळ्या पडलेल्या. ती खाऊन फिरणारी गोगलगाय मी कुणाच्या ताटात घालू? आणि धंदा म्हणशील तर ब्राझीलला विचार. १९८० च्या दशकात तिथं "स्वस्त एस्कार्गो" (फ्रेंचांची खाण्याची गोगलगाय) म्हणून हीच शंखी आणली. धंदा बुडाला, लोकांनी गोगलगायी सोडून दिल्या, आणि आता तिकडच्या वस्त्यांत आमच्यासारखंच बादली घेऊन फिरतात. पाळायची म्हणून आणलेली वेचायची होते, दत्ता. गोगलगायी पाळा म्हणणाऱ्या तुझ्या त्या व्हिडिओवाल्याला हे सांग, आणि तुझ्या पुतण्यालाही, तो फार उड्या मारतोय.

आषाढीच्या आधी येणार म्हणालास ते खरं का? ये. येताना पुण्याहून जाड रबरी हातमोज्यांचे चार जोड आण, इथले दोन रात्रींत फाटतात. विहिरीवरच्या त्या लहान गोगलगायी मी वेचणाऱ्या बायांना ओळखून ठेवायला सांगितल्यात. आल्यावर तुलाही दाखवतो. आता बादलीतल्या शंख्या पुरायला खड्डा खणायचाय, बाकीचं तू आल्यावर.

तुझा,
विठ्ठल