गुराबेच्या समोरच्या तोफा कुठे?

महोदय,

सरखेल कान्होजी आंग्रे यांच्यावरचे प्रदर्शन समुद्रापासून दूर नाशकात भरले, हे फार चांगले झाले. मात्र तिथली गुराबेची, म्हणजे आंग्र्यांच्या आरमारातल्या मोठ्या लढाऊ जहाजाची, प्रतिकृती दुरुस्त करावी. तिला केवळ बाजूच्या तोफा आहेत. नाळेवरून (जहाजाच्या पुढच्या टोकावरून) समोर मारा करणाऱ्या दोन तोफा नाहीत. आंग्र्यांचा डाव या तोफांवरच उभा होता. वारा पडला की चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबते गुराबांना ओढत शत्रूच्या पिछाडीला नेत. तिकडे त्याच्या तोफा कमी. मग मारा डोलकाठ्या आणि शिडांवर, म्हणजे जहाज जागीच पांगळे. तळही उथळ हवा, नाहीतर ही जहाजे खाडीत कशी शिरत हे कळणार नाही. शेजारी त्याच प्रमाणातले इंग्रजी जहाज ठेवावे. आणि मोडी कागदांवरचा प्रखर दिवा आधी काढा. अशा जुन्या कागदांवर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचे माप) जास्त उजेड नसावा.

– एक अभ्यासक, नाशिक