गोलीचं पुढे काय?

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, कॉलेज संपल्यावर धाकटा हॉकीच्या गोलात पॅड बांधून किती वर्षं उभा राहणार, ही तुमची काळजी रास्त आहे. पण गोली, म्हणजे गोलरक्षक, उशिरा पिकतो. भारताचा गोली श्रीजेश 2006 मध्ये सीनियर संघात आला, पुढची बरीच वर्षं राखीव म्हणून काढली. टोकियो ऑलिंपिकचं पदक 33व्या वर्षी मिळालं, पॅरिसचं 36व्या.

लीगच्या भरवशावर मात्र घर चालत नाही. हॉकी इंडिया लीग 2017 नंतर बंद पडली ती 2024च्या डिसेंबरात परत आली. त्या वेळच्या खेळाडूंच्या लिलावात भारताचा कर्णधार हरमनप्रीतला 78 लाख मिळाले, पण सगळ्यात खालची मूळ किंमत होती 2 लाख. म्हणून रेल्वे, तेल कंपन्या, सेनादल यांच्या निवड चाचण्या सोडायच्या नाहीत. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. पण स्पर्धेची प्रमाणपत्रं क्रीडा खात्याकडून आधी पडताळून घ्यावी लागतात. चांगली चांगली पोरं इथेच अडकतात: जाहिरात निघाली की धावाधाव, तोवर मुदत संपलेली. आई, त्याची फाईल आत्ताच काढून ठेव.

खेळात त्याची अडचण शूटआउटची आहे, म्हणजे बरोबरी सोडवायला एकेक खेळाडू एकट्या गोलीवर चालून येतो त्याची. समोरच्याला 23 मीटरच्या रेषेवरून 8 सेकंद मिळतात. हा तिसऱ्याच सेकंदाला आडवा पडतो, मग समोरचा आरामात चेंडू स्टिकच्या उलट्या बाजूला (रिव्हर्सला) ओढून रिकाम्या गोलात ढकलतो. शिटी वाजताच झपाझप पुढे यायचं, दोन पावलं अंतर राखून पायांवरच राहायचं आणि त्याला बाहेरच्या बाजूला रेटायचं. कोन अरुंद झाला, घड्याळ संपत आलं, की घाई त्याला होते. स्टिक टाकायची ती तेव्हा. आणि किकरचे, म्हणजे बुटांवरच्या पॅडचे, तळपट्टे तपासा. कोरड्या टर्फवर ते आधी झिजतात, आणि तुटतात नेमके मॅचमध्ये.

कोचिंगचं म्हणाल, तर श्रीजेश निवृत्त होताच ज्युनियर संघाचा कोच झाला, 2025च्या ज्युनियर विश्वचषकात कांस्यही मिळालं. पण ते दार सगळ्यांना असं उघडत नाही. बाकीच्यांना पतियाळाच्या एनआयएस या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा कोर्स किंवा वर्षभराचा डिप्लोमा करावा लागतो. सहा आठवड्यांचा त्याने खेळता खेळताच उरकावा. गोलींना शिकवणारे कोच आपल्याकडे फार थोडे आहेत, तेव्हा काम मिळेल. फक्त पदवी अर्धवट सोडू देऊ नका.

तुमची,
ताई