डाव्या डोळ्याचा दुसरा फोटो

कॅमेऱ्यावरच्या ताईंना,

सप्रेम नमस्कार. पंचवटीतल्या मधुमेह शिबिरात, पिंपळगावला क्रेट पोचवायचे म्हणून सारखं घड्याळ बघणारा निफाडकडचा द्राक्षवाला आठवतो का? तो मी.

"मला झकास दिसतं, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरंसुद्धा वाचतो," असं मी ऐटीत म्हणालो होतो. तुम्ही म्हणालात, "काका, चष्म्याचा नंबर वेगळा, डोळ्याच्या आतला पडदा वेगळा. पडदा बिघडायला लागला तरी सुरुवातीला कळत नाही." १२ वर्षं साखरेच्या गोळ्या घेतोय, पण इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं. (सांगितलंही असेल, मी ऐकलं नसेल.)

उजव्या डोळ्याचा फोटो पटकन निघाला. डाव्याचा अस्पष्ट म्हणून मशीनने नाकारला. मी तर उठलोच होतो. तुम्ही खिडकीला चादर लावलीत, बाहुली मोठी व्हावी म्हणून मला अंधारात बसवलंत. रांग कुरकुरत होती. मग पापणी अंगठ्याने वर धरून पुन्हा फोटो काढलात. त्याच फोटोवर संगणकाचा शेरा आला: नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

मुलीने नंतर समजावलं की २०१६ साली गूगलच्या लोकांनी अशा संगणकाला पडद्याचे १,२८,१७५ फोटो दाखवून शिकवलं होतं, त्यात भारतातल्या रुग्णालयांचेही होते. मला ते लगेच पटलं. आमच्या प्रतवारीवरच्या बायका घड नुसता फिरवून बाजूला काढतात, कारण लाखो घड नजरेखालून गेलेत. पण घड आधी नीट हातात यावा लागतो. माझा डावा डोळा तुम्ही तसा आणून दिलात.

आता कबुली. नेत्रतज्ज्ञांसाठीची चिठ्ठी गाडीच्या कप्प्यात टाकली आणि बागेच्या खरड छाटणीत विसरलो. तुमचा पहिला फोन आला तेव्हा "जातो, जातो" म्हणालो. दुसरा आमच्या मंडळींनी उचलला, मग काही खैर नव्हती.

डॉक्टरांनी उजवा डोळा झाकून वाचायला लावलं, तर ओळी वाकड्या! दोन्ही डोळे उघडे असताना उजवा सांभाळून घेत होता. पडद्याच्या मधोमध सूज निघाली. आता इंजेक्शनं चालू आहेत. डोळ्यात सुई म्हटल्यावर पाय लटपटले होते, पण बधिर करायचे थेंब टाकल्यावर नुसता दाब जाणवला.

यंदाचा पहिला माल निघाला की एक पेटी तुमच्याकडे. कुठे पाठवू तेवढं कळवा. मला घरात मोजून मणी मिळतात.

तुमचा,
द्राक्षवाला काका