खुले पत्र : मंत्रिमहोदय, डोकी मोजण्याआधी वयं मोजा

माननीय नियोजन मंत्री यांस,
स. न. वि. वि.

दोनपेक्षा जास्त मुलं असणाऱ्यांच्या सवलती बंद करणारं विधेयक आपण आणणार असल्याचं ऐकतो. त्यामागचा आपला युक्तिवाद सरळ आहे : लोकसंख्या वाढतेय, म्हणजे लोकांना मुलं फार होताहेत, ती कमी झाली की वाढ थांबेल. मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं. दरवर्षी वर्गातलं कुणीतरी हेच म्हणायचं, आणि मी त्याला फळ्यापाशी बोलवायचो. आज आपल्याला बोलावतोय, राग मानू नये.

फळ्यावर एकाखाली एक तीन चौकटी काढा. वर आजी-आजोबा, १००. मधे आईवडील, २००. खाली मुलं, ३००. एकूण ६००. (निम्म्या बायका, निम्मे पुरुष, सगळ्यांची लग्नं होतात, अवेळी कुणी जात नाही, बाहेरून कुणी येत नाही. हिशेबापुरतं एवढं चालवून घ्या.) वरच्या जोडप्यांना चार-चार मुलं झाली, मधल्यांना तीन-तीन. आता समजा, इथून पुढे प्रत्येक जोडप्याला दोनच मुलं झाली. आपला कायदा शंभर टक्के पाळला गेला. एक पिढी सरली : वरचे १०० गेले, २०० वर सरकले, ३०० मधे आले आणि त्यांना मुलं झाली ३००. बेरीज ८००. आणखी एक पिढी गेली की तिन्ही चौकटींत ३००, बेरीज ९००.

दोनच मुलं, तरी माणसं दीडपट! बेरीज करणारा पोरगा खडू हातात धरून इथे हमखास थबकायचा आणि आपलंच काहीतरी चुकलं म्हणून पुसायला लागायचा. चुकलेलं काहीच नसतं. पुढच्या पिढीच्या आया आधीच जन्मलेल्या असतात आणि त्या संख्येने जास्त असतात. शास्त्रात याला लोकसंख्येचा संवेग म्हणतात. ब्रेक दाबल्यावरही गाडी काही अंतर पुढे जाते, तसं हे. फक्त इथे ते 'काही अंतर' दोन पिढ्यांचं.

जगाचंही असंच चाललंय. १९६० च्या दशकात जगाची लोकसंख्या वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वेगाने वाढत होती, म्हणजे पस्तीसेक वर्षांत दुप्पट होईल अशी. आज तो वेग एक टक्क्याच्या खाली आहे. तेव्हा एका स्त्रीला सरासरी पाच मुलं होत, आता सव्वादोनच्या आसपास. तरीही २०११ मध्ये ७०० कोटी असलेलं जग १५ नोव्हेंबर २०२२ ला ८०० कोटींवर गेलं. वेग घटतो आणि आकडा वाढतो, दोन्ही एकाच वेळी खरं असतं. आपल्या भाषणात त्यातला दुसराच अर्धा भाग असतो.

आता फळा पुसा आणि पुन्हा ६०० वरून सुरुवात करा. या खेपेला प्रत्येकी एकच मूल. पहिल्या पिढीअखेर २००, ३००, १५० : बेरीज ६५०. म्हणजे एवढं करूनही आधी वाढच! त्यापुढच्या पिढीला ३००, १५०, ७५. बेरीज ५२५, आपल्याला हवी तशी कमी. पण चौकटींकडे बघा. वर ३०० म्हातारे, खाली ७५ पोरं, आणि या सगळ्यांचं करायला मधे फक्त १५० माणसं. सभागृहात आपण ५२५ हा आकडा वाचून दाखवाल आणि बाकं वाजतील. पेन्शनच्या खात्याला मात्र वरची चौकट दिसेल.

हे केवळ फळ्यावरचं नाही. पासष्टीपुढच्या लोकांचं प्रमाण ७ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर जायला फ्रान्सला शंभराहून जास्त वर्षं लागली. जपानला २४ लागली, दक्षिण कोरियाला १८. कोरियात २०२३ साली प्रजनन दर (म्हणजे एका स्त्रीला होणारी सरासरी मुलं) ०.७२ होता, पिढीची जागा पिढीने भरायला तो २.१ लागतो. (दोन पुरत नाहीत, कारण मुली मुलग्यांपेक्षा किंचित कमी जन्मतात आणि काही मुली आई होण्याच्या वयापर्यंत पोचत नाहीत. जिथे बालमृत्यू जास्त, तिथे २.१ सुद्धा अपुरे.)

एक विनंती आपल्या भाषणं लिहिणाऱ्यांना. देशादेशांचे ढोबळ मृत्युदर शेजारी ठेवून आरोग्यसेवेचे गोडवे गाऊ नका. जपानमध्ये वर्षाला हजारी बारा-तेरा माणसं मरतात, बांगलादेशात सहाच्या आसपास. म्हणून जपानी दवाखाने वाईट ठरत नाहीत. तिथे म्हातारी माणसं जास्त आहेत, इतकंच. इथेही वय बघितल्याशिवाय आकडा बोलत नाही.

आता सक्तीचं. चीनने १९८० मध्ये एकच मूल धोरण आणलं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण १९७० मध्ये सहाच्या जवळ असलेला तिथला प्रजनन दर धोरण येण्याआधीच तीनच्या खाली आला होता, हे कुणी सांगत नाही. धोरणाच्या काळात मुली गर्भातच कमी होत गेल्या. या शतकाच्या सुरुवातीला तिथे १०० मुलींमागे ११८ च्या आसपास मुलगे जन्मत होते. पुढे २०१६ पासून दोन मुलांना मुभा मिळाली, २०२१ मध्ये तीनला. तरी २०२२ मध्ये लोकसंख्या घटलीच. रुमानियाने उलटं करून पाहिलं : १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी. पुढच्याच वर्षी प्रजनन दर १.९ वरून ३.७ वर गेला, आणि मग लोकांनी वाटा शोधल्या तसा तो उतरत गेला. चोरून केलेल्या गर्भपातांत बायका मेल्या, त्या मेल्याच.

त्याउलट बांगलादेश बघा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे एका स्त्रीला सहा-सात मुलं होत, २०११ पर्यंत ती संख्या २.३ वर आली. मुलांच्या संख्येवर कायद्याची मर्यादा नव्हती. दारोदार जाऊन साधनं देणाऱ्या आणि समजावणाऱ्या बायका होत्या, जगणारी बाळं वाढत होती, मुली शाळेत जाऊ लागल्या होत्या. झालेलं मूल जगेल याची खात्री पटली की आणखी एक 'असू दे म्हणून' जन्माला घातलं जात नाही. मृत्युदर आधी पडतो, जन्मदर मागून. मधल्या फटीत लोकसंख्या फुगते. ती फट कमी करायची तर आधी बाळं जगवावी लागतात. ऐकायला उलटं वाटतं, पण क्रम असाच आहे.

म्हणून विधेयक मांडण्याआधी एवढंच करावं : त्याला पाच-पाच वर्षांच्या वयोगटांचा, स्त्री-पुरुष वेगळे दाखवणारा तक्ता जोडावा. आजचा एक आणि तीस वर्षांनंतरचा एक. स्थलांतराचा रकाना विसरू नये. माणसं जन्माने येतात तशी गाडीत बसूनही येतात, आणि जाणारे बहुतेक मधल्या चौकटीतले असतात. तक्ता करायला खात्यात माणूस मोकळा नसेल तर मला बोलवावं. खडू माझा मी आणीन.

आपला,
एक निवृत्त संख्याशास्त्र शिक्षक