विमान बनवणार की विकणार?

संपादक महोदय,

मुलगी एरोस्पेस इंजिनीअरिंगसोबत व्यवस्थापनाचेही विषय घेतेय म्हटल्यावर आमचे मेहुणे हसले, "विमान बनवणार की विकणार?" अंबड एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. विमानाचे ॲल्युमिनियम ब्रॅकेट करतो. मापात २० मायक्रॉनही चुकलो नाही, तरी पहिल्याच ऑर्डरीत तोटा खाल्ला. एएस-९१०० हे विमान उद्योगाचं गुणवत्ता प्रमाणपत्र, पहिल्या नगाची तपासणी, प्रत्येक नगामागचे कागद, यांतलं काहीच दरात धरलं नव्हतं. चूक माझीच. धातू रोखीनं आणायचा आणि बिलाची वाट बघायची! लघुउद्योजकाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देण्याचं बंधन २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात आहे, हे मला लेकीच्या वहीतून कळलं. अभियांत्रिकीच्या प्रत्येक शाखेत कॉस्टिंगचा, म्हणजे उत्पादनखर्चाच्या हिशेबाचा, एक पेपर सक्तीचा करावा, एवढीच विनंती.

– एक लघुउद्योजक, नाशिक