गुडघे झिजले म्हणून चालणे सोडलेल्या ज्येष्ठांसाठी : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातील एका गावातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. आमच्या भजनी मंडळात पूर्वी साऱ्याजणी देवळात मांडी घालून बसत असत. आता भिंतीलगत प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग लागते आणि कित्येकींनी येणेच सोडले आहे. विचारले की उत्तर ठरलेले असते : "वंगण संपलंय, हाडाला हाड घासतंय, जेवढं कमी चालू तेवढं बरं." या समजुतीविषयीच आपल्याला लिहायचे आहे.

ती बायकांनी घरी बसून रचलेली नाही. तीन वर्षांपूर्वी मी स्वतः एका रुग्णालयात गेले, तेव्हा डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरून "दोन्ही गुडघे झिजलेत, जिने टाळा, जपून राहा" एवढेच सांगितले आणि पुढच्या रुग्णाला बोलावले. मी अक्षरशः जपून राहिले. आठ महिन्यांत मांड्यांची ताकद गेली, वजन वाढले, दुखणे वाढले आणि वाढलेली प्रत्येक कळ मला झिजेचा नवा पुरावा वाटू लागली. पुढे एका तरुण फिजिओथेरपिस्टने समजावले की सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत, लवचीक आवरणाला, रक्तवाहिन्या नसतात. पायावर भार पडतो आणि उतरतो, त्या हालचालीतूनच सांध्यातील द्रव कूर्चेत झिरपून तिचे पोषण होते. शिवाय एक्स-रेमध्ये दिसणारी झीज आणि प्रत्यक्ष वेदना यांचे प्रमाण जुळतेच असे नाही. झीज दिसूनही न दुखणारे गुडघे पुष्कळ असतात. हे मला आधी कोणी सांगितले असते तर ते आठ महिने वाया गेले नसते.

मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड लेव्हेंथल यांनी मांडले आहे की आजारी माणूस पाच गोष्टींविषयी मनाशी काही धारणा बांधतो : हे काय आहे, कशामुळे झाले, किती काळ राहील, याने माझे काय होईल आणि यावर काय करता येईल, आणि पुढचे वागणे या धारणांवरून ठरते. आमच्या मंडळातली उत्तरे मला पाठ आहेत. हा वात आहे, वयामुळे, जन्मभर केलेल्या भांगलणीमुळे आणि डोक्यावरच्या ओझ्यामुळे झाला, मरेपर्यंत राहणार, शेवटी अंथरूण धरायला लावणार, आणि इलाज म्हणजे गोळी, नाहीतर ऑपरेशन. या उत्तरांना मी अडाणीपणा म्हणणार नाही, कारण वय आणि कष्टाची कामे ही या आजाराची खरीच कारणे आहेत. परंतु शेवटच्या उत्तरात त्या बाईला स्वतःला करण्यासारखे काहीच उरत नाही. मग दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने चालतात आणि त्यांचा जठरावर व मूत्रपिंडांवर होणारा परिणाम कोणी विचारातही घेत नाही.

शासनाने काही केले नाही, असे मी म्हणत नाही. २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा आणली, आणि ज्यांचा सांधा खरोखरच निकामी झाला आहे त्यांना तिचा आधार झाला. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना एकदा ३,००० रुपये मिळतात, त्यातून गुडघ्याचा पट्टा घेता येतो. पण पट्टा बांधून खाटेवर बसलेल्या माणसाचे स्नायू खंगतच जातात.

म्हणून विनंती अशी की, उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना आणि आशाताईंना गुडघेदुखीविषयी काय बोलावे याचे प्रशिक्षण द्यावे. ज्येष्ठ रुग्णाला सल्ला देण्याआधी "तुम्हाला हे कशामुळे झालं असं वाटतं?" हा प्रश्न विचारला जावा. खुर्चीवरून उठणे-बसणे, पाय सरळ ठेवून उचलणे यांसारखे मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आठवड्यातून दोनदा उपकेंद्रात करून घेतले जावेत. व्यायामानंतर थोडे दुखले आणि दुसऱ्या दिवसापर्यंत शमले तर घाबरायचे कारण नाही, हेही तिथेच सांगितले जावे. कारण पहिली कळ येताच बायका व्यायाम सोडतात. गुडघा लाल व गरम होऊन सुजणे, ताप येणे, पायावर भारच न देता येणे, अशा वेळी मात्र तातडीने डॉक्टरांकडे पाठवावे.

यासाठी नवी इमारत लागत नाही, यंत्रही लागत नाही. आमच्या उपकेंद्राचा व्हरांडा दुपारी मोकळा असतो. प्रशिक्षित माणूस मिळाला तर मंडळातल्या महिलांना तिथे घेऊन येण्याची जबाबदारी मी घेते.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, जिल्हा सातारा